रिपोर्ट नॉर्मल आले, तरी ॲनोरेक्सिया धोक्याचा कसा?

रानजाई

किशोरवयीन मुलामुलींच्या पालकांसाठी ॲनोरेक्सिया नर्व्होसावर, म्हणजे खाणं टाळत स्वतःला उपाशी ठेवण्याच्या मानसिक आजारावर, एक टिपण तयार करतेय. याविषयी वाचायला मिळतं ते बहुतेक 'बारीक दिसण्याचं वेड' इथे सुरू होतं आणि 'तज्ज्ञांचा सल्ला घ्या' इथे संपतं. आई-वडिलांना जे हवं असतं ते मधलं, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही.

अडलेय ते असं. रक्ततपासणी केली की बऱ्याचदा सगळं नॉर्मल येतं आणि घरचे निर्धास्त होतात. तो निर्धास्तपणा कितपत बरोबर? मूल अंगाने मुळात भरलेलं असेल आणि आता 'छान बारीक' झालं असेल, तर तेही ॲनोरेक्सियात धरायचं का? पाळी थांबल्यावर गोळ्या देऊन ती चालू करतात, त्याने काही साधतं का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: मूल जेवत नाही, समजावून झालं, रागावून झालं, आता ताटापुढे नक्की करायचं काय?

इथे या क्षेत्रातले लोक आहेत म्हणून विचारते. गुळमुळीत नको, नेमकं लिहा.

*

काठावरचा

तब्येतीची बाजू मी घेतो.

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येणं हे या आजारात नेहमीचंच आहे, त्यावर विसंबू नका. शरीर उपासमारीत असताना रक्तातली पातळी शेवटपर्यंत सावरून धरतं. पोटॅशियम आणि फॉस्फेट या क्षारांचा साठा मुख्यतः पेशींच्या आत असतो. रक्तात दिसतो तो अगदी लहानसा भाग. साठा रिकामा होत आला तरी रक्तातला आकडा ठीक दिसू शकतो. म्हणून रिपोर्ट बिघडलेला असेल तर काळजी करायचीच, पण चांगला असेल तर त्याचा अर्थ 'धोका नाही' असा लावायचा नाही.

आणखी दोन ठिकाणी फसगत होते. एक, कोलेस्टेरॉल. ॲनोरेक्सियात ते अनेकदा वाढलेलं दिसतं. ते उपासमारीमुळे वाढलेलं असतं, पण आकडा बघून कुणीतरी 'तेलकट बंद करा' सांगून मोकळं होतं आणि आजाराला हवं ते हत्यार आयतं हातात मिळतं. दोन, थायरॉइड. टी-३ (थायरॉइडचं संप्रेरक) कमी आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) नॉर्मल असं चित्र असेल तर शरीर ऊर्जा वाचवायला आच मंद करतंय असं समजायचं. त्यावर थायरॉइडची गोळी द्यायची नसते. वजन सावरलं की आकडा आपोआप सुधारतो. ईएसआर (शरीरात कुठे दाह आहे का हे सुचवणारी रक्ततपासणी) मात्र वाढलेला असेल तर थांबून विचार करा. ॲनोरेक्सियात तो सहसा वाढत नाही. आतड्याचा दाह, सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) असं दुसरं काही आहे का ते तपासायला हवं.

मग बघायचं काय? नाडी. मुलाला पाच मिनिटं शांत आडवं झोपवा, मग पूर्ण ६० सेकंद ठोके मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, मंद नाडीत त्याने चूक होते. रक्तदाब घ्या. नंतर उभं करा आणि दोन-तीन मिनिटांनी दोन्ही पुन्हा मोजा. किशोरवयात जागेपणी ठोके मिनिटाला ५० च्या खाली, रक्तदाब ९०/४५ च्या खाली, अंगाचं तापमान ३५.६ सेल्सिअसच्या खाली, उभं राहिल्यावर ठोके ४० पेक्षा जास्त वाढून तसेच टिकणं किंवा वरचा रक्तदाब २० ने उतरणं, यातलं एकही आढळलं तर दवाखान्यात दाखल करण्याचा विचार त्याच दिवशी करावा लागतो. चक्कर येऊन पडणं, पाणीसुद्धा न घेणं, छातीत धडधड, वारंवार उलट्या, यात तर आकड्यांची वाटच बघू नका. ईसीजी प्रत्येकाचा काढावा.

मंद नाडी पाहून 'खेळाडू आहे, हृदय तंदुरुस्त आहे' असं म्हटलं जातं. खेळाडूची नाडी चार पावलं चालल्याने उसळत नाही. उपासमारीत हृदयाचा स्नायूच आकसलेला असतो, त्यामुळे पडल्यापडल्या ४४ असलेली नाडी खोलीच्या दारापर्यंत जाऊन येताच ९५-१०० ला पोचते. स्नायूंची ताकदही साध्या रीतीने कळते: उकिडवं बसवा आणि हाताचा आधार न घेता उठायला सांगा. गुडघ्यांवर हात टेकवावे लागले तर ती नोंद करा.

'भरलेलं मूल' हा मुद्दा फार महत्त्वाचा. सध्या वजन किती यापेक्षा किती उतरलं आणि किती वेगाने उतरलं हे बघा. जास्त वजनावरून भराभर खाली आलेल्या मुलाची नाडी, पाळी आणि फॉस्फेट अगदी हाडकुळ्या मुलाइतकीच बिघडलेली असू शकतात. त्याला 'ॲटिपिकल' म्हणतात; नावावरून तो सौम्य प्रकार वाटतो, पण तसा नाही. दुर्दैवाने याच मुलांचं लोक कौतुक करत असतात.

वाढीच्या वयात वजन न वाढणं म्हणजेच उतरणं. जुन्या शाळातपासण्या, लसीकरणाची नोंद, जे सापडेल ते घेऊन उंची-वजनाचा आलेख काढा. वर्षभरात उंची पाच सेंटिमीटर वाढली आणि वजन तिथल्या तिथे राहिलं, तर काटा हललेला नसला तरी मूल मागे पडलेलं असतं.

*

पानगळ

वरच्याला एक अत्यंत गरजेची जोड. खूप दिवस जवळपास काहीच न खाल्लेल्या मुलाला अचानक भरपूर खायला घालणं घरी करू नका. अन्न, विशेषतः पिष्टमय पदार्थ, पोटात गेले की इन्सुलिन वाढतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात. साठा आधीच रिता असतो, त्यामुळे रक्तातली पातळी धाडकन कोसळते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. हृदयाचा ताल बिघडणं, श्वासाचे स्नायू दमणं, पायांवर सूज, गोंधळलेपण. धोका पहिल्या आठवड्यात सर्वाधिक. म्हणून दवाखान्यात सुरुवातीचे दिवस रोज रक्त तपासतात, थायामिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात आणि फॉस्फेट घसरू लागलं की लगेच भरून काढतात.

याची उलटी चूकही होते. रिफीडिंगच्या भीतीने इतकं थोडं अन्न सुरू करतात की दाखल असलेल्या मुलाचं वजन आणखी घटतं. देखरेख नीट असेल तर बहुतेक किशोरवयीनांना जरा जास्त ऊर्जेपासून सुरुवात करणं सुरक्षित असतं. अमेरिकेतल्या एका चाचणीत तशा मुलांची नाडी-रक्तदाब सुमारे तीन दिवस आधी स्थिरावले आणि क्षारांचे बिघाड वाढले नाहीत. हा निर्णय मात्र डॉक्टरांच्या टेबलावरचा, स्वयंपाकघरातला नाही.

*

निळीशाई

आता मनाची बाजू. 'वेड' हा शब्द टिपणातून काढून टाका, अशी कळकळीची विनंती.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षण केलं. ते स्वेच्छेने आलेले, मनाने खंबीर पुरुष होते. बारीक होण्याची इच्छा त्यांच्यातल्या कुणालाच नव्हती. सुमारे चतुर्थांश वजन उतरल्यावर ते पाककृती गोळा करू लागले, ताटातल्या अन्नाशी तासन्‌तास खेळू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, थंडीने कुडकुडू लागले. ॲनोरेक्सियाच्या मुलीत आपण ज्याला 'स्वभाव बदलला' म्हणतो, त्यातला मोठा वाटा उपासमारीचाच असतो. घरच्यांसाठी ती स्वतः पदार्थ रांधेल, आग्रहाने वाढेल आणि स्वतः तोंड लावणार नाही, हे नाटक नाही.

पण फरकही लक्षात घ्या. ते तरुण अन्नासाठी तळमळत होते. ॲनोरेक्सियात उलटं होतं: न खाल्ल्याने मनातली घालमेल काही काळ शमते आणि खाल्लं की उसळते. म्हणजे जे जीवघेणं आहे तेच दिलासा देतं. याचं मूळ काही अंशी जनुकांत आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा किंवा थोडा अधिक धरतात, आणि २०१९ मध्ये सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात आठ जागा सापडल्या. त्यांचा संबंध मनाच्या आजारांशी तसाच चयापचयाशीही दिसला. बारीक दिसण्याचा दबाव कोट्यवधी मुलांवर असतो, आजार थोड्यांनाच होतो. कुणी परीक्षेच्या ताणात जेवण सोडतं, कुणी पोटाच्या आजारात, कुणी 'हेल्दी खायचं' म्हणून साखर बंद करून. वाट कुठलीही असो, शरीरात ऊर्जेची तूट एकदा पडली की ज्यांच्यात हा कल आहे ती मुलं त्या उतारावर घसरत जातात.

आपण आजारी आहोत हे मुलाला जाणवतच नाही, हाही आजाराचाच भाग. त्यामुळे 'तिला पटलं की ती खाईल' ही वाट बघणं धोक्याचं. मेंदू भुकेला असताना पटणं-समजणं शक्य होत नाही. ॲनोरेक्सियात मेंदूचा करडा भाग आकसलेला दिसतो आणि वजन सावरल्यावर बराचसा भरून येतो. आधी अन्न, मग समज, असाच क्रम आहे. विचारांचा घट्टपणा वजन सावरल्यावरही काही महिने मागे रेंगाळतो, तोवर धीर सोडू नका.

*

रानजाई

खूपच उपयोगी. पण निळीशाई, 'आधी अन्न' म्हणजे ताटापुढे करायचं काय, तेच तर हवंय. काय बोलायचं, काय नाही?

*

निळीशाई

किशोरवयीनांसाठी सर्वात भक्कम पुरावा कुटुंबाधारित उपचाराच्या बाजूने आहे. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात तो आकाराला आला. वर्षभरात १८-२० भेटी होतात. आधी काही काळ जेवणाचा पूर्ण ताबा पालकांकडे, वजन सावरू लागलं की तो टप्प्याटप्प्याने मुलाकडे परत, आणि शेवटी वयात येण्याचे इतर प्रश्न. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचार संपून वर्ष झाल्यावर या गटातली सुमारे निम्मी मुलं पूर्ण बरी होती, एकट्या मुलाशी बोलून केलेल्या उपचारात सुमारे पाव. म्हणजे रामबाण नाही, पण हातात असलेल्यांत चांगला.

ताबा म्हणजे काय, ते तपशिलात. दिवसाला तीन जेवणं, दोन किंवा तीन मधली खाणी, ठरलेल्या वेळी. काय आणि किती हे पालक ठरवतात, पालक वाढतात. वाढताना मूल स्वयंपाकघरात नको. तेल किती पडलं यावर तिथेच तह सुरू होतो. जेवणाला साधारण अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं. सोबत एक मोठं माणूस, स्वतःचं ताट घेऊन.

पहिली दहा मिनिटं कशी जातात ते सांगते. मूल ताटाकडे बघत नाही. घासाचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे. मग 'हे जास्त आहे', 'काल एवढं नव्हतं', 'तूप का दिसतंय?' प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं येतं आणि उत्तर दिलं की वाद सुरू होतो. उत्तर देऊ नका. 'तुला भीती वाटतेय, मला दिसतंय. मी इथेच आहे. पुढचा घास घे.' एवढंच, सपाट आवाजात, हवं तर वीस वेळा. मधे पाण्या-पावसाचं, सिनेमाचं काहीही बोला. रडणं, ओरडणं, ताट ढकलणं होईल. ती घाबरलेल्या मुलाची प्रतिक्रिया आहे, उद्धटपणा नव्हे. वेळ संपल्यावर उरलेल्याची भरपाई काय, बहुधा तेवढ्या ऊर्जेचं पोषक पेय, हे आधीच ठरलेलं असू द्या, म्हणजे ऐनवेळी घासाघीस होत नाही. जेवणानंतर तासभर सोबत: पत्ते, चित्रं, मालिका. बाथरूमला जायचं ते जेवायच्या आधी.

काय बोलू नये? पोषणाची व्याख्यानं नकोत. 'माझ्यासाठी खा' नको. 'शाब्बास, सगळं संपवलंस' हे तर मुळीच नको, कारण आजार त्याचा अर्थ 'तू हरलीस' असा लावतो. 'गाल भरले, छान दिसतेस' हेही तसंच. मुलीला त्यात एकच शब्द ऐकू येतो: 'जाड'. रूपाबद्दल चांगलं-वाईट काहीच नको.

घरात सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं? आई म्हणते पूर्ण ताट, बाबा म्हणतात 'जाऊ दे, अर्धं तरी खाल्लं'. त्या फटीतून आजार आत येतो. दोघांनी आधी, मुलाच्या मागे, मात्रा ठरवून घ्या. मतभेद असले तर ताटाभोवती दाखवू नका. भावंडांना पहारेकरी करू नका. त्यांचं काम जेवणानंतर खेळायला सोबत देणं, बस.

*

पानगळ

निळीशाईंच्या उत्तरात आकड्यांची भर घालतो. घरी उपचार चालू असताना आठवड्याला साधारण अर्धा किलो वाढ अपेक्षित असते, दाखल असताना अर्धा ते एक किलो. पहिल्या चार आठवड्यांत जवळपास दोन किलो वाढलं तर पुढचं चित्र आशादायक असतं. नाही वाढलं तर महिने न घालवता उपचाराची तीव्रता वाढवायची. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, लघवी करून, हलक्या कपड्यांत, शक्यतो दवाखान्यातच. घरी रोज काटा नको. लक्ष्य वजन म्हणजे कायमचा एक आकडा नव्हे: मूल वाढतंय, तर सहा महिन्यांनी तेही वर सरकतं. ते आजाराआधीच्या वाढीच्या रेषेवरून ठरवतात, वर्गातल्या इतरांवरून नाही.

दोन-तीन आठवड्यांनी वाढ अडते आणि पालकांना वाटतं आपलं काही चुकलं. चुकलेलं नसतं. अन्न मिळू लागल्यावर शरीराची आच एकदम वाढते, रात्री घामही फुटतो, आणि कालची मात्रा आज अपुरी पडते. मात्रा वाढवायची. ताट आणखी मोठं करण्यापेक्षा त्याच आकारात ऊर्जा जास्त कशी मावेल ते बघा, कारण पोट हळू रिकामं होतं आणि फुगलेपणा खराच असतो. तो काही आठवड्यांत ओसरतो. पोटाला गरम शेक द्या, मात्रा कापू नका. वाढलेलं वजन आधी पोटावर दिसतं आणि मुलं हादरतात. पुढच्या महिन्यांत ते अंगभर वाटलं जातं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पायांवर सूज आली तर मात्र 'वाढतंय' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा.

औषधांचं थोडक्यात: वजन आणून देणारी गोळी नाही. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या उपाशी शरीरात नीट काम करत नाहीत. नुसत्या औषधावर उपचार असं कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्या.

*

काठावरचा

पाळीचा प्रश्न राहिला होता. गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याला रक्तस्राव होतो, पण ती खरी पाळी नव्हे; गोळी थांबवली की होणारा स्राव आहे. त्याने हाडांचं रक्षण होत नाही, हे चाचण्यांतून दिसलं आहे. तोटा मात्र मोठा: शरीर सावरलं की नाही हे सांगणारी खूणच झाकली जाते आणि घरात 'आता ठीक आहे' असा गैरसमज पसरतो. पाळी थांबून सहा महिने झाले असतील तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी. हाडांची बहुतेक कमाई विशीच्या आत होते, आणि या वयात पडलेली तूट नंतर पूर्ण भरेलच असं नसतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतंच, पण वजन न वाढवता नुसत्या गोळ्यांनी हाडं सुधारत नाहीत.

२०१३ पासून पाळी बंद असणं ही निदानाची अटच राहिलेली नाही, तेव्हा 'पाळी येते म्हणजे ॲनोरेक्सिया नाही' हेही खोडून काढा. मुलग्यांत तर ही खूण नसतेच. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन उतरतं, उंची खुंटते, आणि बोलणं 'चरबी घटवून स्नायू दिसायला हवेत' असं असतं. घरच्यांना ती शिस्त वाटते. म्हणून मुलगे उशिरा, जास्त खालावलेल्या अवस्थेत येतात.

आणि हे टिपणात लिहाच: या आजारात मृत्यूचं प्रमाण मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे, आणि त्यातला साधारण पाचवा हिस्सा आत्महत्येचा. 'जगावंसं वाटत नाही का?' हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर मुलाला एकटं सोडू नका आणि तातडीची मदत घ्या.

*

रानजाई

तिघांचेही मनापासून आभार. शेवटचं एक: वजन सावरू लागलं की मुलं खेळ परत सुरू करू द्या म्हणून मागे लागतात. कधी द्यायचा?

*

काठावरचा

नाडी आणि रक्तदाब झोपून-उभं दोन्ही स्थितींत काही आठवडे स्थिर, ईसीजी ठीक, वजन ठरलेल्या रेषेच्या जवळ आणि वाढीत सातत्य. हे सगळं जमल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने, आठवड्यात दोनदा १०-१५ मिनिटं, सोबत कुणीतरी असताना. एकट्याने धावणं, मोजणीचं घड्याळ, पावलांचा हिशेब हे सर्वात शेवटी, बहुतेकांसाठी तर नकोच. खेळाच्या दिवशी एक खाणं जास्तीचं, ते आधी खायचं आणि मग मैदान. पुढच्या आठवड्यात काटा खाली आला तर खेळ थांबतो, हे सुरू करण्याआधीच मुलाशी स्पष्ट बोलून ठेवा.

एक खूण आवर्जून बघा. पाऊस आला, खेळ रद्द झाला आणि मूल चुकचुकून दुसऱ्या कशात तरी रमलं, तर चालू ठेवा. खोलीचं दार लावून तिथेच उड्या मारत बसलं, तर अजून वेळ झालेली नाही.